सापडलेल्या माणसाला आधी विचारा

माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी पुण्यातल्या एका हॅकेथॉनमध्ये उतरल्या होत्या. दीड दिवसात चालतं वेब ॲप उभं करायचं, विषय ज्याचा त्याने निवडायचा. यांनी निवडला तो आषाढी वारीत चुकलेल्या माणसांचा शोध. पहिली रात्र जागून ती आंघोळीपुरती घरी आली, तेव्हा माझा थोरला भाऊ आमच्याकडे उतरला होता. तो पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाला. ठाण्यात बरीच वर्षं मिसिंगचं टेबल त्याच्याकडे होतं आणि पंढरपूरचा बंदोबस्तही त्याने अनेकदा केलाय. तिने लॅपटॉप मामापुढे ठेवला. दोघांचं जे बोलणं झालं ते जवळजवळ तसंच इथे देते आहे. माणसं शोधून देणारी साधनं आता कुणीही दोन दिवसांत बनवू शकतो. ती बनवणाऱ्यांनी या दोघांचंही ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

भाची : अगदी सोपं ठेवलंय, मामा. वर एकच चौकट. नाव टाका, गाव टाका, शोधा. खाली यादी येते. फोटो, नाव, वय, कुठल्या मदत केंद्रावर आहे आणि तिथला फोन नंबर. लॉगिन नाही, ओटीपी नाही. कुणीही बघू शकतं.

मामा : कुणीही?

भाची : कुणीही. त्याशिवाय अशा गोष्टी चालतच नाहीत. 2010 च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, तेव्हा गुगलने काही दिवसांत पर्सन फाइंडर सुरू केलं. दोनच बटणं होती. एक शोधणाऱ्यांसाठी, एक ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांच्यासाठी. पुढच्या वर्षी जपानमध्ये त्सुनामी आली. निवारा केंद्रांत भिंतींवर हाताने लिहिलेल्या नावांच्या याद्या लावल्या होत्या. लोकांनी त्यांचे फोटो काढून पाठवले आणि स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून ती नावं टाइप केली. सहा लाखांच्या वर नोंदी झाल्या. 2013 ला उत्तराखंडच्या पुरातही ते वापरलं, हिंदीतसुद्धा. प्रत्येकाला आधी ओळखपत्र मागितलं असतं तर हे झालं असतं का?

मामा : नसतं झालं. पण भूकंपात सापडलेला माणूस कुणापासून लपत नसतो. वारीत चुकणारी बहुतेक माणसं म्हातारी असतात. त्यांची नि दिंडीची ताटातूट होते, चार तासांत गाठ पडते. त्यांच्यासाठी तुझी चौकट उत्तम. पण त्याच केंद्रावर आणखी कोण येऊन बसतं ते सांगू? घरात मार खाऊन निघालेली बाई. वारीत दोन वेळचं जेवण मिळतं, निजायला तंबू मिळतो, तू कुठली म्हणून कुणी खोदून विचारत नाही. तिला चक्कर येते, लोक केंद्रावर आणून सोडतात, तुझा स्वयंसेवक तिचा फोटो काढतो. नवरा तिकडे गावात बसून तुझ्या चौकटीत तिचं नाव टाकतो. संध्याकाळी तो केंद्राच्या दारात उभा.

भाची : पण अशा बायका किती असतील? हजारांत एक?

मामा : एकच धर. त्या एकीचं काय करायचं ते सांग.

भाची : आणि तिच्यासाठी बाकी नऊशे नव्याण्णव म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवायचं? त्यातल्या एखादीला शुगर असते, गोळ्या मुलाच्या पिशवीत असतात. तुम्ही लोक कागद रंगवेपर्यंत ती बेशुद्ध पडेल. त्याचा हिशेब कोण देणार?

(हा प्रश्न तिने तावातावाने विचारला आणि मला तो रास्त वाटला. जपून वागण्याचीही किंमत असते, आणि ती बहुधा ज्याला बोलता येत नाही तोच मोजतो.)

मामा : हिशेब दोन्हींचा द्यायचा. आमच्याकडची रीत ऐक. सज्ञान बाई मिसिंग असली आणि आम्हाला सापडली, की पहिल्यांदा तिचा जबाब. मी माझ्या मर्जीने राहते, मला घरी जायचं नाही, असं तिने लिहून दिलं की मिसिंग बंद. घरच्यांना सांगायचं एवढंच, ती सुखरूप आहे. पत्ता द्यायचा नाही. बापाने पाय धरले तरी नाही.

भाची : प्रत्येक ठाण्यात असंच होतं?

मामा : व्हायला हवं. मी करायचो.

रेड क्रॉसचं शोधकार्यही याच नियमावर चालतं. पहिल्या महायुद्धात, 1914 साली, जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी एक कचेरी उघडली. तिथे कैद्यांच्या नावांची लाखो कार्डं लावली गेली. घरून आलेली चौकशी आणि शत्रूकडून आलेली यादी यांची हाताने गाठ घातली जायची. त्या परंपरेतून आलेल्या आजच्या शोधसेवेत माणूस सापडला, तरी त्याचा ठावठिकाणा शोधणाऱ्याला परस्पर कळवत नाहीत. आधी सापडलेल्याला विचारतात. युद्धात, फाळणीत, निर्वासितांच्या छावण्यांत काम करून आलेलं हे शहाणपण आहे. माझ्या भावाने ते कुठे वाचलेलं नव्हतं.

भाची : रीत चांगली आहे, मामा. पण तुमचं रजिस्टर? आजी लोणंदला चुकली. मुलगा फलटणला पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, त्याने तिथे नोंद केली. आजी एव्हाना कुणाच्या तरी टेम्पोत बसून जेजुरीला परत. तीन ठाणी, तीन रजिस्टरं, आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही.

मामा : बिनतारी संदेश जातो.

भाची : किती वेळाने? आणि तो वाचतं कोण? अमेरिकेत 2005 साली कॅटरिना वादळ आलं तेव्हा नेमकं असंच झालं. मदत करायला म्हणून जो तो आपली वेगळी यादी काढून बसला. वर्तमानपत्रांची वेगळी, संस्थांची वेगळी. आई एका यादीत, मुलगा दुसरीत. शेवटी स्वयंसेवकांनी सगळ्या याद्या एकत्र टाइप केल्या आणि नोंदींच्या देवाणघेवाणीचा एक नमुनाच ठरवला, पीएफआयएफ नावाचा. पर्सन फाइंडर पुढे त्याच नमुन्यावर उभं राहिलं. त्यात एक गोष्ट फार चांगली आहे. नोंद कितीही ठिकाणी फिरली तरी ती मुळात कुणी केली हे तिच्यासोबत राहतं. आणि माणसाची नोंद वेगळी, त्याच्याबद्दल कुणी काय कळवलं ते वेगळं. एकाने म्हटलं दवाखान्यात बघितली, दुसऱ्याने म्हटलं घरी पोचली, तर दोन्ही राहतं. कुणी कुणाचं खोडत नाही.

मामा : म्हणजे स्टेशन डायरीसारखं. खाडाखोड नाही, पुढे नवी नोंद.

भाची : तेच. आम्ही तेच घेतलंय.

इथे मामाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि चौकटीत एक नाव टाइप केलं. काही आलं नाही. ॲप खऱ्या अर्थाने अडलं ते इथे, म्हणून इथे जरा थांबते.

मामा : नाव, गाव विचारतेस. ठीक. पंढरपूरच्या वाळवंटात आणून बसवलेल्या म्हातारीला विचारून बघ. स्वतःचं नाव सांगेल ते माहेरचं, आधारकार्डावर सासरचं. नवऱ्याचं नाव ती घेणारच नाही. आमच्या एका महिला शिपायाने एकीला शेवटी उखाणा घ्यायला लावला, तेव्हा ते नाव मिळालं. गाव विचारलं तर वडगाव. आता वडगाव किती आहेत मोज. पिंपळगाव, सावरगाव, तीच गत. तालुका तिला सांगता येईलच असं नाही. बाजाराचा गाव मात्र सांगेल. बाजाराला कुठं जाता, मावशी? म्हणाली मंठ्याला. झालं, जालना जिल्हा मिळाला.

भाची : बाजाराचा गाव! हे फॉर्ममध्ये टाकते.

मामा : आणि दिंडीचा नंबर. तो पाठ असतो. पण नुसता नंबर घेऊ नको. माउलींच्या पालखीत रथापुढे चौदा वेगळी, रथामागे चौदा वेगळी. तुकोबांच्या पालखीतले नंबर आणखी निराळे. आधी पालखी, मग रथाच्या पुढे की मागे, मग आकडा. एवढं कळलं की नावाची गरजच नाही. दिंडीच्या ट्रकवर नंबर असतो, चालकाचा फोन असतो. माणूस थेट दिंडीच्या ताब्यात.

भाची : म्हणजे आमची चौकट उलटीच झाली. आम्ही नावापासून सुरुवात करत होतो.

मामा : तुम्ही कॉलेजच्या हजेरीपटासारखं केलंय.

भाची : नावावरही खूप घाम गाळलाय आम्ही. नाव ऐकून त्याचा उच्चारी सांकेतांक काढायची साउंडेक्स नावाची पद्धत आहे, शंभर वर्षांहून जुनी. पण ती इंग्रजी आडनावांसाठी बेतलेली. मराठी नाव इंग्रजीत लिहून तिच्यात घातलं की काळे आणि काले एक होतात. मग आम्ही देवनागरीतच तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून साम्य मोजायला लागलो. तिथे दुसरंच निघालं. हे कुऱ्हाडे बघा. आणि हे दुसरं कुऱ्हाडे. फरक दिसतो?

मामा : दोन्ही सारखीच आहेत.

भाची : डेटाबेसला ती वेगळी वाटतात. हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर ते स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. मुलाने मोबाइलवर एक लिहिलं, स्वयंसेवकाने लॅपटॉपवर दुसरं, आणि आई समोर असून सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही दोन रूपं एक होत नाहीत. आम्हाला स्वतः नियम लिहावा लागला. ऱ्हस्व-दीर्घ एक धरायचं, श-ष-स एक धरायचं, विठ्ठल, विठल आणि विट्ठल एक. ण आणि न पण. खेड्यातला माणूस जसं बोलतो तसं सापडलं पाहिजे.

मामा : हे चांगलं केलंस. लिहिणाऱ्याच्या चुकीपायी माणूस राहायला नको.

(माझ्या मते त्या ॲपमधलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं, आणि परीक्षकांना ते पडद्यावर दिसणार नव्हतं.)

भाची : मग चेहऱ्यावरून शोधणं? आमच्यातली एक त्यावर अडून बसलीय. फोटो टाकला की जुळणारे चेहरे समोर. मला स्वतःला धाकधूक आहे.

मामा : का?

भाची : 2018 साली दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरली आणि चार दिवसांत जवळपास तीन हजार हरवलेली मुलं जुळली, अशी मोठी बातमी आली होती. पुढच्याच वर्षी महिला व बालविकास मंत्रालयाने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, की त्या यंत्रणेला मुलगा कोण नि मुलगी कोण हेही नीट ओळखता येत नाही. आणि साधं गणित बघा. हजारात एकदाच चुकणारी यंत्रणा आहे असं समजू. साठ्यात चाळीस हजार फोटो असतील तर एका शोधाला चाळीस चुकीचे चेहरे पुढे येतील. उन्हात रापलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बायका त्या यंत्रणेला किती वेगळ्या दिसणार?

मामा : आणि चाळिसांपैकी एकीला कुणी आपली म्हणून घेऊन गेला तर? तिच्या अंगावर पाटल्या असतील. मग ती कुठल्या यादीत शोधायची?

भाची : म्हणून मी नको म्हणतेय.

मामा : मग ओळख पटवायची आमची पद्धत घे. बेवारस सापडलेल्या माणसाचं वर्णन पेपरात देताना आम्ही एक खूण मागे ठेवायचो. हिरवं लुगडं छापायचं, गळ्यातली तुळशीची माळ छापायची. डाव्या हातावर गोंदलेलं नाव छापायचं नाही. जो येईल त्याला विचारायचं, हातावर काय आहे? खरा असेल तो सांगतो. खोटा असेल तो छापलेलंच पुन्हा म्हणून दाखवतो. तुझ्या यादीत तू सगळंच मांडून ठेवलंयस. आणि तो फोन नंबर तर काढूनच टाक. हरवल्याच्या जाहिरातीवरचा नंबर बघून लोक घरच्यांना फोन करतात, तुमचा माणूस आमच्याकडे दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा. घरचे पाठवतात. त्या घडीला कुणीही पाठवेल.

भाची : मग शोधणाऱ्याला दिसणार काय?

मामा : त्याने सांगायचं. दिसायचं केंद्राला.

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग वहीत उभी रेघ मारून तिने दोन बाजू केल्या. डावीकडे शोधणाऱ्याची नोंद, उजवीकडे सापडलेल्याची. दोन्ही एकमेकींना थेट दिसायच्या नाहीत. मधे जुळणी. ती मशीन सुचवणार, पण मान्य करणार केंद्रावरचा माणूस, सापडलेल्याला विचारून. शोधणाऱ्याला उत्तर जाणार ते "तुमचा निरोप पोचवला आहे" असं, किंवा "त्या सुखरूप आहेत, या केंद्रावर या" असं. कोणतं उत्तर जायचं हे सापडलेली व्यक्ती ठरवणार.

मला यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. शोधाची चौकट उघडी की बंद, यावर दोघं भांडत होती. पण प्रश्न कुणाच्या हाताने उघडायची हा होता. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी 1946 साली भूले-भटके शिबिर सुरू केलं आणि 2016 साली जाईपर्यंत चालवलं. त्यांच्याकडे होता कर्णा. चुकलेल्या माणसाला ते जवळ बसवून घ्यायचे आणि त्याचं नाव गर्दीला ऐकवायचे. शोधणाऱ्याला शिबिरात यावं लागायचं, तिथे माणसं असायची, ओळख डोळ्यांदेखत पटायची. पडद्यावरच्या यादीत हे सगळं गळून पडतं. आणि जे गळलं ते कुणी मुद्दाम काढलेलं नसतं, म्हणून ते परत घालायचं कुणाला सुचत नाही.

भाची : मुलांचं काय? नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांच्या संमतीची अट आहे. 2023 चा कायदा आहे.

मामा : मुलं तुझ्या चौकटीत नकोतच. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करायचं असतं. फोटो जाहीर करायचा नाही. तुझ्या फॉर्ममध्ये वय अठराच्या आत टाकलं की पुढचं सगळं बंद व्हायला पाहिजे, आणि पडद्यावर एकच यायला पाहिजे, 1098.

भाची : आई-बाप शोधत असतील तरी?

मामा : तरी. ते समितीकडे येतील. चुकलेलं पोर आणि पळालेलं पोर बाहेरून सारखंच दिसतं.

भाची : बरं. आता शेवटचं, आणि इथे तुम्ही खूश व्हाल. एकादशीनंतर महिन्याभराने आम्ही सगळं पुसणार. नोंदी, फोटो, सगळं. पीएफआयएफमध्येही प्रत्येक नोंदीला मुदत देता येते.

मामा : पुसणार? अजिबात पुसायचं नाही!

भाची : का? सकाळपासून तुम्हीच मला दाखवू नको, दाखवू नको म्हणताय.

मामा : दाखवणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. माणसं वर्षांनी सापडतात. कुठल्या तरी आश्रमात असलेली बाई अचानक गावाचं नाव घेते, मग जुनी रजिस्टरं काढून मागे मागे जायचं. त्या एका ओळीवर तिचं घर मिळतं. ती ओळ तू पुसलीस तर तिने कुठे जायचं?

भाची : मामा, तुमचं रजिस्टर चोरायचं तर ठाण्यात शिरून कपाट फोडावं लागतं. आमचं चोरायला कुणाला खुर्चीतून उठायचीही गरज नाही. हॅकेथॉनमध्ये केलेलं ॲप पुढे कोण सांभाळतं? आम्ही नोकऱ्यांना लागू. पासवर्ड कुणाकडे ते कुणाला आठवणार नाही, आणि हजारो म्हाताऱ्यांचे फोटो, गावं, मुलांचे फोन तिथे उघडे पडून राहतील. मी ठेवणार नाही.

मामा : मग त्या बाईचं काय?

भाची : जिची गाठ पडली, तिचा फोटो त्याच क्षणी जाईल. जिची पडली नाही, तेवढीच नोंद छापून पोलीस ठाण्यात द्यायची. सही-शिक्क्याची पोच घेतली की आमच्याकडून ती पुसली जाईल. पुढे ती तुमच्या रजिस्टरात.

मामा : मुद्देमाल जमा करतो तशी पोच?

भाची : तशीच. माणसागणिक एक.

मामा : चालेल. पण ज्याला बोलताच येत नाही त्याचं काय? विसरभोळा म्हातारा, किंवा पक्षाघात झालेली बाई. तिला विचारायचं कसं?

भाची : तिथे मला तुमचं पटलंय. यादीत काही नाही, फोन नाही, नकाशा नाही. शोधणाऱ्याने स्वतः केंद्रावर यायचं, खूण सांगायची, महिला पोलिसासमोर ओळख पटवायची.

मामा : बरोबर.

भाची : पण लातूरहून रात्रभर एसटीने येऊन ती दुसऱ्याचीच आई निघाली तर? मी त्याला आधी चेहरा दाखवणार. फक्त त्याला, एकदाच, व्हिडिओ कॉलवर. त्याने खूण बरोबर सांगितल्यावर.

मामा : कॉल कुणी लावायचा?

भाची : केंद्राने.

मामा : त्याने नाही?

भाची : त्याच्याकडे केंद्राचा नंबरच नसेल.

मामा : मग लाव. आणि ते बाजाराच्या गावाचं विसरू नको.